पंगतीत उघडलेले डबे

छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
रूपालीचा सप्रेम जयभीम.

"बघायला येणारे लई आले, जेवायला कोणी आलं नाय." मी लहान असताना शहरातली काही मंडळी वस्तीची पाहणी करून गेली, तेव्हा तू उंबऱ्यात बसून असं म्हणाली होतीस. ते आठवतच भीत भीत लिहिते आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

आत्या, मुख्याध्यापिकाबाई हो म्हणाल्या! समता आणि न्याय मी आजवर फळ्यावरच शिकवत आले. आता माझ्या आठवीच्या मुलांना माणसांकडे न्यायचं आहे, आणि पहिलं गाव आपलं. नाचावंसं वाटतंय बघ. वर्गात संस्कृती नावाची मुलगी आहे. ती आपल्या गावच्या पाटलांच्या सरूबाईंची नात निघाली! दर सुट्टीत आजीकडे येते, पण आपली वस्ती तिनं कधी पाहिलेली नाही. आणू का सगळ्यांना?

तुझी लाडकी (तूच म्हणतेस),
रूपाली


पाचोडजवळून
११ जानेवारी

चि. रूपालीस आत्याचा जयभीम आन लई लई आशीर्वाद.

बघायचंच असलं तर वेरूळ हाय की जवळ, तिथं तिकीट काढा. माझ्याकडं आणायची तर पोरं जेवून जातील, नायतर आणू नको. भाकरी, वांगं आन घरीच भाजून दळलेल्या येसर पिठाची आमटी करते. तिखट कमी टाकीन, शहरातली पोटं नाजूक.

पण एक ध्यानात ठेव. मी अंगणवाडीत मदतनीस लागले तवाची गोष्ट. पहिल्याच दिवशी माझ्या हातची खिचडी ताटात पडली, आन वरच्या आळीच्या बाया आपापली पोरं उठवून घेऊन गेल्या. त्यात सरूबाईचा इंद्रजीत होता, म्हंजी तुझ्या संस्कृतीचा बाप. त्यांच्या रानात मी कापूस वेचायची. माझी कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात राहायची. चहा प्यायचा, धुवायची, परत तिथंच ठेवायची. खिचडीनंतर मी तिथला चहा सोडला. का सोडला म्हून सरूबाईनं एकदा इचारलं नाय.

आता म्हातारपणी पुन्हा माझ्या ताटावरून पोरं उठली तर मला सोसायचं नाय, रूपे. तेवढं सांभाळ.

येताना शहागंजातून खारी आण. दात गेले तरी चहात बुडवून खाते. माया पातळ करू नको.

आत्या


छत्रपती संभाजीनगर
२० जानेवारी

ती. आत्यास सप्रेम जयभीम.

शनिवारपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत! तरी तो एक क्षण विसरता येत नाही. विहारापुढं पंगत बसली, तू भाकरीची परात घेऊन आलीस, आणि मुलांनी आपापले डबे उघडून पाण्याच्या बाटल्या पुढं ठेवल्या. सहलीला डबा-पाणी सोबत, हा शाळेचा नेहमीचा नियम. या वेळी तो मोडायला हवा, हे मला सुचलंच नाही. तू परात घेऊन मागं वळलीस. तेवढ्यात वर्गातला सत्यम ओरडला की आजी, आमटी आम्हाला नाही का! आणि संस्कृतीनं उठून आपला डबा सरळ तुझ्या परातीत उलटा केला. मग सगळ्यांनीच! पोळ्या, भेंडी, लिंबूभात, भाकरी, सगळा काला. भेंडीत मीठच नाही असं तू म्हणालीस, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

नंतर मुलांनी विचारलं आणि तू खिचडीची, कपबशीची गोष्ट सांगितलीस. संस्कृतीच्या बापाचं नाव मात्र गाळलंस. माझ्या लक्षात आलं, आत्या.

पण पोर हुशार, घर कुणाचं ते तिनं ओळखलं. रात्र आजीकडे राहिली, आणि गोठ्याच्या कोनाड्यातली धुळकट कपबशी काढून, घासून, स्वयंपाकघरातल्या मांडणीत ठेवून आली. कपबशी त्याच सेटमधली, आता कोणती तुझी ते ओळखू येईना! सरूबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. आज शाळेत तिनं निरोप दिला, की निघताना आजी तुझं नाव घेऊन म्हणाली, लीलाला घरात जेवायला ये म्हणावं.

जाशील का? काय ते लगेच कळव, मला धीर नाही. तब्येत जप, आणि रागावली असशील तर राग पुढच्या पत्रात काढ.

तुझी,
रूपाली

ता. क. सत्यमची आई आमटी कशी करतात विचारत होती. येसर पाठव.


पाचोडजवळून
२७ जानेवारी

चि. रूपे, येसर पाठवला हाय. सोबतची चिठ्ठी संस्कृतीकडं दे, तिच्या आजीला पोचव म्हणावं. तू वाचली तरी चालंल, वाचशीलच.


सरूबाईस लीलाबाईचा जयभीम.

जलमभर पाटलीणबाई म्हणले, चिठ्ठीत नावानं लिहिते. राग मानू नका. गाव एकच, पण तोंडावर हे बोलाया मला जमायचं नाय. आजवर आपल्यात लोभ नव्हता, आता ठेवून बघू.

तुमचा निरोप पोचला. नात गुणाची हाय, माझी आमटी दोनदा मागून घेतली. मी तुमच्याकडं येईन. पण आधी तुम्ही माझ्याकडं या. संगं इंद्रजीतला आणा. तो तवा ताटावरून उपाशीच उठला होता, मला अजून दिसतं.

तुम्ही नाय म्हणताल, ते मला ठावं हाय. तरी येत्या ऐतवारी खिचडी टाकते. बघायला नाय, जेवायला या.

लीलाबाई