कूलरच्या खोलीतलं ऑर्किड

गडचिरोली,
१९ जानेवारी २०२५

चि. रिना हिस,

सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याला मी आता मनावर घेत नाही. तुझ्या सिरोंच्याच्या दवाखान्यातल्या ड्यूट्या कशा चालल्यात? जेवतेस ना वेळेवर? फोनवर हे विचारतेच, पण आज लिहायचं ठरवलं. फोनवर माझा आवाज दगा देतो आणि तू लगेच "आई, रडताय का?" म्हणतेस.

बातमी अशी की झाडाला फूल आलं. लग्नानंतर तू आणि प्रफुलने कालिंपोंगहून आणलेलं ते स्लिपर ऑर्किड. प्रफुल गेल्यापासून पहिल्यांदाच. हिरवट पिवळं, वर तपकिरी ठिपके, आणि पुढे ती चपलेच्या टोकासारखी पिशवी. शेजारच्या बुधरीबाईने वाकून पाहिलं. "बाई, हे फूल हाय का मोजडी? आन एकाच पायाची काऊन?" मी मोठ्याने हसले, आणि घरात माझाच आवाज ऐकून दचकले.

तिचाही हात आहे त्यात. "मातीत काऊन नाई लावत? सालीत कुठी झाड जगते?" असं कुरकुरत तिनेच जंगलातून वाळकी साल आणून दिली. ती उकळली, कोळशाचे तुकडे मिसळले, कुंडी भरली. आधी मी मायेने पानांच्या बेचक्यात पाणी ओतायचे, त्यात एक फुटवा सडला. उन्हाळ्यात कुंडी कूलरच्या खोलीत नेली. झाडासाठी कूलर लावते, असं सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे कूलर घरघरत असला की घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

प्रफुलच्या स्मृतिदिनी सगळे म्हणाले, फूल त्याच्या फोटोला वाहा. कात्री हातात घेतलीही. पण झाडावर राहिलं तर ते महिना-दीड महिना टिकतं, आणि तू पाहिलं नव्हतंस. मग कुंडीच उचलून फोटोसमोर ठेवली. वंदना झाली, परत खिडकीत.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. तुझे बाबा, धनराजभाऊ, बाजारात भेटले होते. म्हणाले, "बाई, पोरीले सांगू नका मी बोललो म्हणून. तो सुरज चांगला हाय, तिलेबी आवडते. पण लग्नाचं काढलं का म्हणते, आई एकट्या पडतीन."

मी भाजी न घेताच घरी आले. खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. तू माझ्यासाठी नाही म्हणतेस, याचं बरं वाटलं गं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की दिवसभर फोटोकडे बघवेना.

कालिंपोंगच्या नर्सरीवाल्याने सांगितलेलं प्रफुल मला पुन्हा पुन्हा सांगायचा. ज्या फुटव्याला एकदा फूल आलं, त्याला पुन्हा येत नाही. शेजारी नवा निघतो, फूल त्याला येतं. जुना कापायचा नाही, तो नव्याला पोसत राहतो. आपल्या कुंडीत नवा निघालाय, बोटाएवढा. झाडाले समजते, तुले काऊन समजत नाई, पोरी?

एकटी मी पडणारच. रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी सगळं आवरून, बरं लुगडं नेसून बसते, जणू तू मला बघणार आहेस. उद्या तो फोन येईनासा झाला तर, या विचाराने रात्री उठून बसते. पण ते माझं मी बघेन. त्यापायी तू थांबायचं नाही.

सुरजला घेऊन ये. फूल गळायच्या आत ये. सिरोंच्याची बस हाडं खिळखिळी करते, तरी ये. त्याला मच्छी चालते का, तेवढं कळव.

खाली "तुझी सासू" लिहायला पेन टेकवलं होतं. पण आता ते नातं दुसऱ्या बाईचं होऊ दे. म्हणून नुसतंच,

ललिता