तीन दगड आणि एक मुस्तकिल जागा

४ बहमन १३४५ फसली (निजाम सरकारचा महिना; बायको प्रेमलाच्या पंचांगात मार्गशीर्ष). लातूर. सकाळी.

आजपासून रोजनिशी. वाचणारा कोणी नाही, त्यामुळे खरे तेच लिहीन.

हेडमास्तरांनी बोलावून सांगितले की २७ तारखेला तालीमात (शिक्षण) खात्याचे मोहतमीमसाहेब इन्स्पेक्शनला येणार. सायन्सच्या मुदर्रिसाची (मास्तराची) जागा मुस्तकिल, म्हणजे कायम, करायची आहे. तीन वर्षे त्या जागेवर मी आहे, पण कच्चा. साहेबांना दगडांचा शौक. खडकांचे तिन्ही प्रकार नमुने हातात घेऊन मुलांना शिकवून दाखवायचे. जमले तर लातुरात कायम, नाही जमले तर तबादला (बदली) जळकोटला, एकट्या मास्तरच्या शाळेवर.

मी म्हणालो, नमुनेच काय, म्युझियम उभे करतो. हेडमास्तर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.

प्रेमलाला सांगितले. ती दुपारी मुलींच्या शाळेत जाते, साडेतीन महिन्यांनी तिची शेवटची परीक्षा आहे. जळकोटला मुलींची शाळा नाही. नक्की जमेल ना, असे तिने दोनदा विचारले. नवऱ्यावर विश्वास ठेव म्हणून सांगितले.

५ बहमन. दुपारी.

शाळेच्या कपाटातून भूगर्भशास्त्राचे उर्दू पुस्तक काढले. पाने तीनशे वीस. नऊ वाचली. मुद्दा हाती आला. बाकीची पाने लेखकाने जाडी वाढवायला घातलेली दिसतात.

सार असे. पहिला खडक आगीचा: जमिनीच्या पोटातला रस वर आला आणि निवला. दुसरा पाण्याचा: गाळ, वाळू, शिंपले तळाशी थराथराने बसले आणि दबून घट्ट झाले. तिसरा बदललेला: पहिल्या दोघांपैकी कोणीतरी उष्णता आणि दाब सोसून वेगळाच झाला. हेडमास्तर, घरमालक आणि सासुरवाडी यांचा विचार केला तर मी स्वतः तिसऱ्यात मोडतो.

७ बहमन.

औशाच्या रस्त्याला खाणीपर्यंत चालत गेलो. जाताना सगळीकडे काळा दगड, येताना तोच दुसऱ्या बाजूने. खाणीत मडिवाळप्पा पाथरवट भेटला. म्हणाला, मास्तर, कशाला फिरून राहिलात, इकडं उदगिरापर्यंत काळाच दगड मुलखाचा. कुठं भोकाभोकाचा, कुठं घट्ट, पण जात एकच.

माणूस चांगला आहे, पण बिचाऱ्याने चाळीस वर्षे दगडात काढली आणि पुस्तक एकदाही उघडले नाही.

९ बहमन.

थंडी. पाय दुखतात. आज मनाने संशोधन केले.

१२ बहमन. सकाळी.

आगीचा खडक सापडला. घरीच. परसात न्हाणीच्या पाण्याचा हंडा तीन दगडांवर ठेवतो, त्यातला डावीकडचा. पाच वर्षे रोज सकाळी विस्तवात. काळाकुट्ट. आगीचा याहून सबळ पुरावा कोणता? धुऊन शाळेत नेणार होतो, पण धुतल्यावर पुरावा जाईल म्हणून तसाच कागदात बांधला.

उरलेल्या दोन दगडांवर हंडा राहत नाही. प्रेमला म्हणाली, बाजारातून एक दगड आणू का? मी म्हणालो, शास्त्रासाठी थंड पाणीही सोसावे. आधी तिने सोसले. मी आज अंघोळीचा विचार सोडून दिला.

१५ बहमन. संध्याकाळी.

पाण्याचा खडकही मिळाला. आमचे घरमालक धोंडप्पा भुसार मालाचे व्यापारी, गावाबाहेर त्यांचे शेत. त्यांच्या आणि चुलतभाऊ वीरण्णा यांच्या शेतांमध्ये हद्दीचा पांढरा दगड आहे. सहज नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. अकरा थर मोजले. पुस्तकात अगदी हेच लिहिले आहे, थरावर थर. थेंबभर पाणी नसलेल्या शेतात समुद्राचा तळ सापडावा याचे नवल वाटले. आसपास कोणी नव्हते. पिशवीत घालून आणला. हातभर लांबीचा, खांदा अजून दुखतो.

१६ बहमन.

गल्लीत फार गडबड. धोंडप्पा म्हणतात वीरण्णाने हद्द सरकवली, वीरण्णा म्हणतात धोंडप्पाने. दोघे दर दिवाळीला मिळून त्या दगडाला चुना लावत आले, अकरा वर्षे, आणि आता एकमेकांच्या ओट्यावर पाय ठेवत नाहीत. पटवाऱ्याला बोलावणे गेले आहे.

मी शास्त्रीय तटस्थता पाळली. दुपारी धोंडप्पा आमच्याच ओट्यावर येऊन बसले. मास्तर, तुम्ही शिकलेले, दगडचोराविरुद्ध एक दरखास्त लिहून द्या म्हणाले. दिली. ‘अशा नीच इसमास सख्त सजा व्हावी’ हे वाक्य त्यांना फार आवडले. अक्षराचीही तारीफ केली.

चुन्याबद्दल त्यांनी जे सांगितले त्याचा मी थोडा विचार केला. पण चुनाही थरानेच बसतो आणि तो पाण्यात कालवूनच लावतात. म्हणजे मुद्दा कायम राहतो.

२० बहमन.

तिसरा नमुना स्वयंपाकघरात होता. पाटा. त्याच्यावर प्रेमला रोज मिरच्या वाटते. उष्णता: मिरची. दाब: प्रेमला. मधे खोलगट झाला आहे, म्हणजे रूप बदलले हे आंधळ्यालाही कळेल. ती शाळेत गेल्यावर हमाल करून पाटा हलवला.

रात्री जेवणात चटणी नव्हती.  वरवंटा तेवढा प्रेमलाने माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला.

२४ बहमन.

लेबले तयार. ‘आगीतला’, ‘पाण्यातला’, ‘बदललेला’, खाली उर्दूत, त्याखाली इंग्रजीत. खूपच भारदस्त दिसतात. दगडांपेक्षा लेबले मोठी झाली, पण साहेब आधी लेबलच वाचतील.

पुस्तकाची उरलेली तीनशे अकरा पाने उद्यापासून.

२६ बहमन.

दोन पाने वाचली. मग पुस्तक सापडेना. प्रेमला चुलीपुढे बसून वाचत होती, दोनशेच्या पुढे गेली होती. उर्दू ती शाळेत शिकली. मला विचारते, खडकाची जात त्याचा जन्म कसा झाला त्यावरून ठरवायची की नंतर त्याच्यावर काय काय बेतले त्यावरून? मी म्हणालो, उद्या माझे इन्स्पेक्शन आहे, तू आपला अभ्यास कर. हाच माझा अभ्यास आहे असे काहीतरी म्हणाली.

कोट उन्हात टाकला. उद्या या वेळी मी मुस्तकिल असेन.

२७ बहमन. संध्याकाळी.

इन्स्पेक्शन झाले. एकंदरीत चांगले म्हणता येईल.

गावातले प्रतिष्ठित म्हणून धोंडप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, हे मला आधी कोणी सांगितले नाही.

साहेब शांत स्वभावाचे. माझे सगळे भाषण ऐकून घेतले. मग पहिल्या नमुन्यावरून रुमाल फिरवला, रुमाल काळा झाला. दुसऱ्याचा पापुद्रा चिमटीत चुरडून वास घेतला. तिसऱ्याचाही घेतला आणि शिंकले. मग हातोडा मागितला. शाळेच्या हातोड्याचा दांडाच निसटला, तेव्हा बाहेर पायरी दुरुस्त करत असलेल्या मडिवाळप्पाला आत बोलावले. त्याने तीन घाव घातले. तिन्ही दगड फुटले. आत तिन्ही काळे, एकासारखा एक.

साहेबांनी त्याला विचारले, तुझे काय मत. तो म्हणाला, “साहेब, तिन्ही एकाच खाणीतले. एकाला काजळी लागली, एकाला चुना लागला, एक बाईमाणसाच्या हातानं झिजला. आत बदल न्हाई.”

साहेब हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. मुलांना त्यांनी स्वतःच समजावले. हा सारा मुलूख आगीच्या रसाचा, तो पसरला आणि निवला, म्हणून तिन्ही दगड पहिल्याच जातीचे. पाण्याचा खडक हवा तर पायाखाली बघा, ही शहाबादची फरशी, समुद्राच्या तळाचा गाळ. आणि बदललेला हवा तर, असे म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलाची पाटी उचलली: हा आधी चिखल होता, दबून खडक झाला, मग आणखी दाबाने आणि उष्णतेने त्याची पाटी झाली. वर्गातल्या चाळीसही मुलांकडे बदललेला खडक होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला वाजवल्या नव्हत्या.

तोवर धोंडप्पा उठून चुन्याचे तुकडे जुळवत होते. पुढचे लिहिण्याची गरज नाही. दरखास्त त्यांच्या खिशातच होती. त्यांनी ती साहेबांना वाचून दाखवली.

शेरा मात्र बरा पडला: ‘मुदर्रिस मेहनती आहे.’ पुढचे वाक्य पुसट होते.

घरी पाट्याचे दोन तुकडे नेले. प्रेमलाने ते पाहिले, पदराने हात पुसले आणि म्हणाली, “तुम्ही जळकोटला जा. मी हितंच राहते. परीक्षा सोडणार न्हाई मी.”

हुकूम अजून यायचा आहे, हे मी तिच्या निदर्शनास आणले.

४ इस्फंदार (पौष).

हुकूम आला. जळकोट. एका अर्थी बढतीच, कारण तिथे हेडमास्तर मी, मुदर्रिस मी, शिपाईही मी. धोंडप्पा म्हणाले, माझा राग मास्तरवर, पोरीवर न्हाई. त्यांची बायको पार्वतम्मा प्रेमलाला मधल्या खोलीत ठेवून घेणार आहे. दोन्ही भाऊ एक झाले, हद्दीचा नवा दगड रोवायला मिळून गेले. या एकीचे श्रेय कोणी मला देत नाही.

प्रेमला गाडीपर्यंत आली. मला तिची माफी मागायची होती. मी तिला पुस्तक शाळेत परत करायला सांगितले.

१५ अर्दिबेहिश्त (फाल्गुन). जळकोट.

भाकरी जमत नाही. थंड पाण्याची मात्र सवय झाली. येथील दगड तपासला. काळा.

प्रेमलाची परीक्षा या आठवड्यात आहे. पत्र लिहायला घेतले, उपदेशाची तीन पाने झाली, फाडली. खरे लिहायचे ठरले होते म्हणून लिहितो: तिची फार आठवण येते.

२ अमरदाद (ज्येष्ठ).

प्रेमलाचे पत्र. पहिल्या नंबरने पास. तोंडी परीक्षेत तिने खडकांच्या तिन्ही जाती सांगितल्या, आणि त्याच मोहतमीमसाहेबांनी तिला मुलींच्या शाळेत शिकवायला ठेवले. पुढच्या महिन्यापासून मुस्तकिल. पत्र एका वळणाच्या अक्षरात, शुद्ध, एकही खोड नाही. शेवटी: तुम्ही लातूरला येण्याचे बघा.

पुस्तक मीच कपाटातून काढले होते. हे तिच्या लक्षात असेलच.

५ अमरदाद. उदगीर.

तबादल्याची दरखास्त घेऊन कचेरीत आलो. कारकून अण्णाराव, सज्जन माणूस. कारण विचारले. मी म्हणालो, पत्नी लातुरात मुस्तकिल मुदर्रिस आहे, तिच्या नोकरीच्या गावी जायचे आहे. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला पुन्हा सांगायला लावले. शेजारच्या दोन कारकुनांनीही ऐकले.

छापील फॉर्मात कारणांचे खाने आहेत: आजारपण, म्हातारे आईबाप, जमीनजुमला, हवामान सोसत नाही. अण्णारावांनी एकेक बोट ठेवून वाचले. मी कशातच बसेना. नवऱ्याच्या गावी बायको, असा एक खाना होता, त्यावर त्यांचे बोट थोडा वेळ थांबले. पण तिथे नाव बाईचे लागते, म्हणाले.

अखेर त्यांनी कागद उलटा केला. पाठीमागे एकदम तळाला एक खाना होता: ‘मुतफर्रिक, म्हणजे इतर’. तिथे त्यांनी माझे नाव लिहिले आणि मी सही केली.