चिंगीच्या कमरेचा दोरा

८ मार्च, शनिवार
सुधीर फर्स्ट शिफ्ट करून आला. हातात डब्याची पिशवी, आणि पिशवी हलत होती! आत माकडाचं पिल्लू. मी किंचाळलेच. महाळुंग्यात त्याच्या कंपनीमागे डीपीच्या तारेला चिकटून त्याची आई मेली. हे तिच्या पोटाला बिलगून बसलेलं आणि चारपाच जण नुसते मोबाइलवर शूटिंग करत होते म्हणे.
"मग काय करू? तिथंच टाकून येऊ?"
सासूबाई देव्हाऱ्यासमोरून उठल्या, थेट हात जोडले. "शनवारी मारुतीराया घरी आलाय. आता कुटं धाडायचं न्हाई त्येला."
(मादी आहे हे नंतर कळलं. सासूबाईंना काही फरक पडला नाही.)

९ मार्च
ड्रॉपरने दूध पाजलं. गाउनला घट्ट धरून माझ्या छातीवर झोपलं. पाठ दुखली, पण हललेसुद्धा नाही.
रेवाला नागपूरला, हॉस्टेलवर फोटो पाठवला. लगेच फोन. "आई, माकड पाळणं गुन्हा आहे. वनखात्याला कळव. आजच."
हो म्हणाले. कळवलं नाही. खरं तर कळवायचंच नव्हतं. रेवा गेल्यापासून घर खायला उठतं.

२० मार्च
बारसं केलं!! माकडाचं!! सासूबाईंनी माळ्यावरून रेवाचा पाळणा काढायला लावला. मजल्यावरच्या चार बायका, घुगऱ्या, कानात कुर्र... नाव चिंगी. दृष्ट लागू नये म्हणून कमरेला काळा करदोटा हवाच म्हणाल्या. मीच बांधला, रेवाला बांधला होता तसा. तीनपदरी, पक्की गाठ. वर रेवाचं जुनं झबलं. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरले. वेडेपणा. असू दे.

१४ एप्रिल, सुट्टी
पडदे फाटले. लोणच्याची बरणी फुटली. चिंगी बशीतला चहा पिते आणि सासूबाई कौतुकाने बघतात. सोसायटीच्या सेक्रेटरींची तक्रार. सुधीर त्यांना म्हणाला, "भाऊ, तुमच्या कुत्र्याचं आम्ही काही बोलतो का?" वर मलाच डोळा मारतो.
रेवा फोनवर नीट बोलत नाही.

२२ जून
सुधीरच्या बोटाला चावली. इंजेक्शनं सुरू.
अंगाला हात लावू देत नाही. झबलं काढायला गेलं की दात विचकते. चिडून चापट मारली मी. फ्रिजमागे जाऊन बसली, दोन तास. "लाडानं बिगडली," सासूबाई. मलाही तेच वाटलं.

१० ऑगस्ट, रविवार
चार दिवस घरात वास. केळं लपवलं असेल कुठेतरी, म्हणून सगळं घर उपसलं. वास तिचाच होता.
सुधीरने टॉवेलात धरली, मी झबलं कापून काढलं. करदोटा दिसेना. तुटला असेल म्हणून केस बाजूला केले...
आत. मांसात गेलाय. पोटाभोवती ओली खाच, आणि खाचेत काळा दोरा.
कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला बसते मी. रबराच्या रिंगवरचा केसाएवढा चरा मला दिसतो.

११ ऑगस्ट
भूल देऊन दोरा काढला. डॉक्टर रेवापेक्षा थोडीच मोठी असेल. तिने विचारलं, "कुणी बांधला?"
"सापडली तेव्हाच होता," सुधीर पटकन म्हणाला. माझ्यासाठी खोटं बोलला. डॉक्टर माझ्याकडे वळली.
"लहान मुलाचा वाढत्या अंगाप्रमाणे सैल करतातच ना हो?"
करतात. रेवाचा मी दर महिन्याला बघायचे, बोट आत घालून. हिचा एकदाही बघितला नाही. पाळणा, झबलं, बारसं सगळं केलं आणि हे नाही केलं! मग ते नक्की काय चाललं होतं आमचं?
म्हणाले, "मी बांधलाय."
डॉक्टरने वनखात्याला फोन लावला.

१४ ऑगस्ट
नेली. जबाब लिहून घेतला, पुढचं कळवतील म्हणाले.
माझ्या गळ्याला धरून होती. त्यांनी एकेक बोट सोडवलं. ती ओरडत होती. सुधीर वळून भिंतीकडे बघत उभा. आईच्या पोटावरून त्यानेही तिला अशीच सोडवली असणार. विचारलं नाही.
सासूबाई जेवल्या नाहीत. "देवाला लावलेला दोरा, त्यात काय पाप?" म्हणून रडतायत. त्यांना काय सांगू? गाठ तर माझी.

३० नोव्हेंबर
वनखात्याने तिला ठेवलंय त्या प्राण्यांच्या केंद्रातून फोन. जखम भरलीये. दुसऱ्या माकडांत सोडून बघितली, पण त्यांचं ओरडणंसुद्धा हिला कळत नाही. त्यांच्याकडे पाठ करून बसते. झाडायला येणारी बाई दिसली की मात्र गज हलवते. जंगलात सोडता येईल असं वाटत नाही, केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या. माकडं वीस-पंचवीस वर्षं जगतात हेही सांगितलं.
"मी भेटायला येऊ?"
"नका येऊ. तिला परत पहिल्यापासून त्रास होईल."
रेवाला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. नुसती रडली.

२१ फेब्रुवारी, शनिवार
आत्ता सुधीरच्या कंपनीतल्या वॉचमनचा फोन. सुधीरचा लागत नव्हता म्हणून मला केला. "वहिनी, शेडवर एक पिल्लू घावलंय बघा. लय बारीक हाय, आई न्हाई. तुमाला सवय हाय, आनू का?"
"आणा."
विचार करायच्या आधी तोंडातून गेलं. मी म्हणाले! इतकं सगळं होऊन मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला आनंद झालाय. अंगावर काटा आला माझ्या.
वनखात्याचा नंबर मोबाइलमध्ये आहे. वॉचमन अर्ध्या तासात इथे येईल. सुधीर आतून विचारतोय, कुणाचा फोन होता.