तीन ठोके आणि खंड

३ मार्च २०२५, सोमवार
आम्ही दोघी आलो एकदाच्या पडेगावात. माडीवरची एक खोली, स्वयंपाकाला कोपरा आणि बाहेर ऐसपैस गच्ची. घरमालकीण म्हणाल्या, नळ आठव्या दिवशी येतो. सिल्लोडला तरी कुठे रोज गंगा वाहत होती? सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, आल्या आल्या टाकी घासली आणि खोली पास केली. उद्यापासून नवं हॉस्पिटल, सकाळपाळी, पुरुषांचा वॉर्ड. माझ्या नवऱ्याला, आकाशला, जाऊन दोन महिने होतील. पंधरा वर्षं नर्स आहे, कामाने माणूस सावरतं हे शंभर बायकांना सांगितलंय. आता स्वतःवर करून बघायचं. आज बरं वाटलं, खरंच.

५ मार्च, बुधवार
वॉर्ड बारा खाटांचा. सोबतीला संध्या सिस्टर, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. खाट चारवर केरबा, वेरूळकडचे मेंढपाळ. पायाच्या जखमेसाठी आलेत आणि मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकली म्हणून सारखे कुरकुरतात. नाडी अगदी तरण्या माणसाची. काम जमतंय. फक्त पाय फार दुखतात, आणि घरी येऊन काही बोलावंसं वाटत नाही.

७ मार्च, शुक्रवार
आज केरबांना घरी सोडणार होते. शेवटचं म्हणून नाडी धरली. तीन ठोके आणि खंड. तीन ठोके आणि खंड. आकाशची अशीच चालायची, त्याच्या हृदयातच दोष होता. सहा वर्षं रोज मोजली, मला चुकायची नाही. यंत्रावर ठोके सरळ. संध्यानेही बोटं लावली आणि सरळच आहे म्हणाली, तू जेवलीस का ते सांग. मी जेवणाची सुट्टी तिथेच बसून काढली. दोन महिन्यांत इतकं सुख झालं नव्हतं. केरबा हसून म्हणाले, बाई, तुमचा हात लई बरा, राहू द्या तसाच. मग संध्याने इंजेक्शनला हाक मारली म्हणून उठले. दोन मिनिटांत परतले, तर केरबा खाटेवरच गेलेले, नाडी बंद.

कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. जानेवारीत लागोपाठ दोन ड्यूट्या करून घरी आले. आकाशचं मनगट धरून मोजत बसले आणि मोजता मोजता डोळा लागला. जाग आली तेव्हा बोटांखाली काही नव्हतं. झोपेत गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणाच्या झोपेत, ते नाही सांगितलं.

११ मार्च, मंगळवार
खाट नऊ, अप्पाराव, हर्नियाचं ऑपरेशन. सकाळी तीच नाडी. दोन वाजेपर्यंत मोजत बसले. बाकीचा वॉर्ड काय मी एकटीने बघू, म्हणून संध्या भडकली. पाळी संपली, उठवलंच मला. जिना उतरत होते तेवढ्यात वर धावपळ, अप्पाराव गेले. डॉक्टर म्हणतात, रक्ताची गाठ.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. आत्या तर असलं बोलणाऱ्याला दारात उभं करत नाहीत. मीही मानत नाही. पण मी मोजायची थांबले की माणूस जातं, हे दोनदा पाहिलं. आकाश रागावलेला नाही. तो फक्त पुन्हा मोजायला लावतोय — आणि ज्याच्यात येतो, त्याला —

१३ मार्च, गुरुवार
दोन दिवस कुणाला बोट लावलं नाही. दमलेय फार.
दुपारी घरी आले. आत्यांनी चहा पुढे केला. कप घेताना बोटं मनगटाला लागली.
तीन. खंड.

१४ मार्च, सकाळ
तेव्हापासून मोजतेय. डाव्या हातात आत्यांचं मनगट, उजव्याने हे लिहिते. लिहिलं नाही तर झोप लागेल. गल्लीतले डॉक्टर येऊन गेले. आत्या ठणठणीत म्हणाले, झोपेची गोळी मलाच दिली. घेतली नाही. बाहेर रंग खेळताहेत. ओढणीने हात बांधून ठेवला असता, पण उपयोग नाही. आकाशचाही हात हातातच होता. मोजणं थांबलं की —
मला आता यांच्याशिवाय कुणी नाही.

दुपार
आत्यांना सांगितलं. त्या दिवशी मी झोपले होते, हे.
त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. म्याच तर तुझ्या अंगावर चादर टाकली व्हती. किती दमली व्हतीस, माय."
ठाऊक होतं. दोन महिने. आणि एका शब्दाने कधी —
छातीवरचं ओझं उतरलं. सगळं अंग सैल पडलंय. हे आत्ता नको होतं — डोळे —
मोकळ्या हाताने माझ्यावर चादर ओढताहेत. नको म्हणतेय. एक, दोन, तीन — नीज म्हणतात, मी हाय इथं — एक, दोन — आत्या, हलवा मला, जोरात — थोपटताहेत — एक —