पारोसचं प्लॅनिंग माझ्याकडे

२ मार्च १९८४, शुक्रवार
यंदा बहारीनहून सुट्टीत पुण्याला जायचं नाही. ग्रीस! पारोस नावाचं बेट. ठरलं.

कल्पना शुभदाची. म्हणजे खरं तर तिच्या हॉस्पिटलमधल्या जोसेफीनची. जोसेफीन वसईची, नर्स. ती आणि दुसरी नर्स डॉली मेअखेर तिकडे चालल्यात, रमझान लागायच्या आत. शुभदा तिथेच लॅबमध्ये, तिघींचा डबा एकत्र. आज म्हणाली, अहो, लग्नाला बारा वर्षं झाली. दर सुट्टीत पुण्याला जाऊन मी तुमच्या घरच्या चौदा माणसांचा चहा करते. एकदा आठ दिवस मला कुणालाही चहा करायचा नाहीये. तुमच्या शेजारी बसून नुसता समुद्र बघायचाय.

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मलाही गलबलून आलं. ताबडतोब हो म्हटलं. फक्त एक अट घातली. नर्सेसच्या भरवशावर जायचं नाही. प्लॅनिंग माझ्याकडे.

९ मार्च, शुक्रवार
ब्रोशर पाठ झालं. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, फुलपाखरांची दरी. एक जुनं चर्च आहे, म्हणे शंभर दारांचं. नव्याण्णव सापडतात, शंभरावं कुणाला सापडत नाही. लोक नीट मोजत नसणार. मी मोजीन.

आठ दिवसांचं टाइमटेबल केलं. उठणे सकाळी सहा.

१७ मार्च, शनिवार
मीना सलमान बंदरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ग्रीक जहाज दुरुस्तीला आलंय. योगायोग बघा! त्याच्या चीफ इंजिनिअरला गाठून पारोसच्या संस्कृतीबद्दल विचारलं. तो म्हणाला, तिथं वारा आहे आणि शेळ्या आहेत. मग अर्धा तास मलाच मुंबईबद्दल विचारत बसला. बिचारा. जहाजावर राहून स्वतःच्या देशाला पारखा झालाय.

३० मार्च, शुक्रवार
आजपासून रोज पोहण्याची प्रॅक्टिस. बुसैतीनमध्ये घरापासून समुद्र पाच मिनिटांवर, सहा वर्षांत कधी उतरलो नव्हतो.

दुपारी: उतरलो. वीस मिनिटं चालत गेलो, पाणी गुडघ्याएवढंच. ओहोटी होती. किनाऱ्यावरून एक म्हातारा अरब ओरडून हिंदीत विचारायला लागला, क्या गिरा? म्हटलं, स्विमिंग. तर म्हणतो, यल्ला, और आगे जाओ. अजून दहा मिनिटं गेलो. गुडघेच. परत येताना शिंपल्यावर पाय कापला, मान भाजली. पोहणं हे मुख्यतः मनोधैर्याचं काम आहे. ते माझ्याकडे आहे. रोज जायची गरज नाही.

७ एप्रिल, शनिवार
तीन दिवस ग्रीक जेवण. सवय झालेली बरी. मनामाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, ऑलिव्ह आणि खारं चीज आणलं.

संध्याकाळी: चार ऑलिव्ह खाल्ली. औषधी वस्तू आहे, चार पुरतात. शुभदानं काही न विचारता पिठलं टाकलं. गुणी बायको!

ती पासपोर्टमधल्या कसल्याशा पानाबद्दल सांगत होती. जोसेफीन म्हणाली म्हणून मागच्या महिन्यात तिघी अर्धी रजा टाकून एम्बसीत जाऊन आल्या होत्या. आज दुसऱ्यांदा तेच, तुमचंही पान बघून घ्या. म्हटलं, प्लॅनिंग कुणाकडे आहे?

१६ एप्रिल, सोमवार
व्हिसासाठी पासपोर्ट एजंटकडे द्यायचाय. कंपनी सगळ्यांचे पासपोर्ट आपल्या तिजोरीत ठेवते. तिजोरीची किल्ली आमच्या क्लार्ककडे, महादेवकडे. रजेच्या फॉर्मवर मॅनेजरची सही असल्याशिवाय महादेव जागचा हलत नाही. आणि आज मॅनेजरच्या केबिनचा एसी बंद. अशा वेळी ग्रीसचं नाव काढणं मूर्खपणा. उद्या.

१७ एप्रिल, मंगळवार
एसी सुरू. मॅनेजर खुशीत. इतक्या खुशीतल्या माणसाचा मूड आपण का घालवावा? उद्या.

२५ एप्रिल, बुधवार
मॅनेजर सौदीत दम्मामला गेलेत. शुभदाचा पासपोर्ट व्हिसा लागून परतसुद्धा आला. विचारत होती, तुमचं कुठवर? म्हटलं, इंशाल्ला. फटकन म्हणाली, मराठीत सांगा. एवढं चिडायला काय झालं? माझी काय कमी धावपळ चाललीय?

३ मे, गुरुवार
सही झाली! मॅनेजरनं विचारलं, कुठे? म्हटलं, ग्रीस. छान, म्हणाले आणि अर्ध्या मिनिटात सही. अडीच आठवडे योग्य क्षणाची वाट पाहिली त्याचं हे फळ.

महादेवनं तिजोरीतून पासपोर्ट काढून दिला. तसाच एजंटकडे पोचवला. तो म्हणाला, व्हिसाला तीन आठवडे लागतात. आमचं विमान चोवीसला. बरोब्बर तीन आठवडे! याला म्हणतात प्लॅनिंग.

११ मे, शुक्रवार
सामानाची यादी केली. हॉटप्लेट, पातेलं, गाळणं, चहापावडर, दूधपावडर, तांदूळ, मूगडाळ, मेतकूट. यादी आणि टाइमटेबल शुभदाला वाचायला दिलं. सकाळी सहा, चहा (शुभदा). दुपारी चार, चहा (शुभदा). ती बराच वेळ कागद हातात धरून बसली.

मग लक्षात आलं. म्हटलं, अगं, तू कुणालाही चहा नाही म्हणालीस, मी काय कुणीही आहे? मी घरचा! उठून भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती. भारावली असावी.

१९ मे, शनिवार
एजंटचा फोन. पासपोर्ट व्हिसाविना परत आला. आत एक पान असतं. हा पासपोर्ट कुठल्या देशांसाठी चालतो त्यांची नावं असतात. माझ्या पानावर बहारीन, कुवेत, सौदी, एमिरात. ग्रीस नाही. आपल्या एम्बसीत जाऊन आधी नाव घालून घ्यायचं, मगच व्हिसा. म्हणजे पुन्हा तीन आठवडे. म्हटलं, काहीतरी करा हो. तो म्हणाला, सर, खलास.

सहा वर्षं हा पासपोर्ट घेऊन मुंबईला जातोय. फोटोचं पान सोडून कधी काही बघितलं नाही. महादेवला विचारलं, तू का नाही बोललास? म्हणाला, साहेब, ते पान बघितल्याशिवाय कुणी तिकीट काढतं का?

जेवणाच्या सुट्टीत स्टोअररूममध्ये जाऊन रडलो. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

२० मे, रविवार
शुभदाला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हटलं, तुझंही तिकीट रद्द करू, पुढच्या वर्षी दोघं जाऊ, आत्ता आपलं पुणं आहेच. बारा वर्षांत मला सोडून ती कुठे गेलेली नाही, त्यामुळे तसा प्रश्नच नव्हता.

तिनं एकच विचारलं. माझा व्हिसा झालाय ना?

२४ मे, गुरुवार
एअरपोर्टवर सोडून आलो. जोसेफीन म्हणाली, भाऊ, तुम्ही कायपण टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत ना. डॉली नुसतीच हसत होती. कशाला हसायचं? हॉटप्लेट शेवटपर्यंत हातात घेऊन उभा होतो. शुभदा म्हणाली, ती घरी न्या.

आत गेल्यावर तिनं वळून हात केला नाही. गर्दी होती. शिवाय काचेतून बाहेरचं दिसत नसावं.

२७ मे, रविवार
फोन नाही. बेटांवरून लाइन लागत नसणार. मला करमत नसेल या काळजीनं तिला तिथे चैन पडत नसेल, याचंच वाईट वाटतं. मला तसं ठीक आहे. दोनदा दूध उतू गेलं.

२९ मे, मंगळवार
फोन नाही. घर खायला उठतं. पुढच्या वेळी ऐकीन तिचं. पहिल्यांदा सांगितलं की तेव्हाच.

१ जून, शुक्रवार
आली! रापलीय, डोक्यावर गवताची टोपी, नर्सेसच्या गळ्यात गळे घालून हसत बाहेर आली. इतकी हसताना मी तिला पाहिलेलंच नाही.

गाडीत बोलतच होती. समुद्र म्हणे पायाखालचे दगड दिसावेत इतका नितळ. दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे ऑक्टोपस वाळत घालतात. जोसेफीननं खाल्ला, हिनं नुसता रस्सा चाखला. ब्रेड ऑलिव्हच्या तेलात बुडवून खायचा, टोमॅटो साखरेसारखे. एका म्हातारीनं अंगणात बोलावून तिघींना नाच शिकवला. रोज दहाला उठायच्या. रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून, काही न बोलता, अंधार पडेपर्यंत.

मला खरंच बरं वाटलं. वाईटही वाटलं. घराशी गाडी थांबवली आणि विचारलं, माझी आठवण आली?

शुभदा खोटं बोलत नाही. विचार करून म्हणाली, हो, आली की. मंगळवारी. बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा.

म्हटलं, मग?

म्हणाली, मग काय, डॉलीनं केला दुरुस्त.