आमिनाबीच्या शेजारची खाट

अमरावती,
४ सप्टेंबर २००६

चि. धाकट्या भावाले, जानरावले, गोदाबाईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. माझा मोडलेला पाय आता जमिनीवर टेकून राहिला. या वृद्धाश्रमात जेवण गरम असते, चादरी धुतलेल्या असतात. पाहायले येणाऱ्याले नाव ठेवायले जागा नाही.

पण एक गोष्ट लाज सोडून लिहून राहिली. मले इथं डायपर बांधतात. मले सारं कळते, आवरते. फक्त संडासापर्यंत कोणी हात धरून नेलं पाहिजे. हाक मारली तं आया म्हणते, बांधलं आहे ना आजी, त्यातच करा. संडासाकडच्या व्हरांड्याचं दार बाहेरून लावतात, कोणी पडू नये म्हणून. मी पाणी पिणंच सोडलं. शेजारच्या खाटेवरच्या आमिनाबीनं तेच केलं, तं तिले लघवीले आग होऊन उन्हाळी लागली.

तू एकदा ये. माया असू दे.
तुझी बाई, गोदा


अकोट,
१९ सप्टेंबर

ती. बाईच्या पायांवर जानरावचं डोकं. परवा तुझ्याकडून निघालो अन् एस.टी.त कोणाशी बोलावंसं वाटलं नाही. व्यवस्थापक भगवंतराव तुझ्यासमोर गोड बोलले. फाटकाशी मात्र मले म्हणाले, पुन्हा पडली तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. मग उद्यापासून हात धरून संडासाले नेतो म्हणाले. नेतात का, ते लिही.

तुले दवाखान्यातून सोडलं तेव्हा दिवसा घरी कोणी नव्हतं. यंदा कपाशी गेली, जिनिंग बंद, तिथला चौकीदार, म्हणजे मी, घरी बसलो आहे. सूनबाई आचल म्हणाली, मामंजी, तुम्ही करणार असाल तर आत्याबाईंना आणा. समोरच्या खोलीत तुझी सोय केली. दसरा झाला की न्यायले येतो. चहा मात्र माझ्या हातचा प्यावा लागेल, नावं न ठेवता.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा जानराव


अमरावती,
२८ सप्टेंबर

चि. जानरावले अनेक आशीर्वाद. नेतात. पण पहिल्याच दिवशी आया मले उठवून राहिली, तं आमिनाबी म्हणाली, मलेही ने. आया म्हणाली, तुमच्यासाठी भांडायले कोण आलं? आमिनाबीनं भिंतीकडे तोंड केलं. तिचा पोरगा जुबेर नागपूरकडे ट्रकवर असते, वर्षभर फिरकला नाही.

मी खाली बसली. म्हटलं, आधी तिले. भगवंतराव आले, ओरडले. मी उठली नाही. तिथंच, साऱ्यांसमोर, माझं लुगडं ओलं झालं. जानराव, त्या वेळी जमीन पाहिल्याशिवाय दुसरं काही करता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघींले नेतात. कपाळावर आठ्या घालून, पण नेतात.

म्हणून दसऱ्यानंतर मले न्यायले येऊ नको. मी गेली की तिचं बंद होईल. ती तं जा म्हणते, अन् म्हणताना माझा हात सोडत नाही. मले यायचं आहे रे. तुमच्या घरातलं बोलणं, रस्त्यावरच्या बैलगाड्या, सारं कानात येते. पण वाट उघडली तं आता पाय निघत नाही. जुबेरले शोध. तो येऊन तिच्यासाठी उभा राहिला की मी निघाली समज. नाही आला, तं मी इथंच आहे.

आचलले सांग, मी येत नाही ते तिच्यावरच्या रागानं नाही. भेटायले येत जा, जीव लावून ठेव.
तुझी बाई, गोदा