कुंपणाचा काटा

४ जून
चि. सौ. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोकला बरा आहे का? तुझ्या यजमानांच्या कोशाची जाहिरात पाहिली. इंग्रजी शब्दांची मुळं अकरा वर्षं खणली मी, आणि संपादक ते एकटे! विचारलं तर म्हणाले, घरच्या माणसाचे कसले आभार.

म्हणून नोंदींच्या कार्डांची खोकी त्यांना परत देताना मी एकच कार्ड बदललं. हॉथॉर्न नावाचं काटेरी झुडूप आहे. यातला ‘हॉ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपण. म्हणजे हा कुंपणाचा काटा. मी मात्र लिहिलं, ‘हॉक’ म्हणजे ससाणा. तो त्यावर बसतो, म्हणून हे नाव. छापू देत आणि तोंडावर आपटू देत.

मुद्रितं तूच तपासतेस. नवऱ्याला सांगावंसं वाटलं तर सांग. कसंही झालं तरी या खाष्ट बहिणीवरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१९ जून
ती. ताईस,
शि. सा. न.

खोकला गेला होता, तुझ्या पत्राने पुन्हा ठसका लागला! ते कार्ड ह्यांनाही खटकलं होतं. हा ससाणा कुठून आला, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, ताईचं कधी चुकलंय का? तर म्हणाले, छे, तिचं अक्षरन् अक्षर पारखलेलं असतं.

घरात एवढं कबूल, आणि प्रस्तावनेत तुझ्या नावाला जागा नाही! उलट ससाण्याचा शोध स्वतःचा म्हणून मिरवलाय. मी लाल पेन्सिल खाली ठेवली. माया आहेच, ती वाढव.

चिमी

२ सप्टेंबर
ती. ताईस,
शि. सा. न.

काल प्रकाशन झालं. ह्यांनी भाषणात ससाणा उडवलाच. एक निवृत्त मास्तर उठले. म्हणाले, ‘हॉ’ म्हणजे कुंपण, हे शाळकरी कोशातही सापडेल. सभागृहात हशा पिकला. हे घाम पुसत बोलून गेले, की ते कार्ड माझं नाही, थोरल्या मेव्हणीचं आहे. मास्तरांनी शांतपणे विचारलं, मग बाकीची कार्डं कोणाची?

मी उठले. सगळ्यांसमोर सांगितलं, की सगळीच ताईची. ही एक चूक तिने मुद्दाम केली आणि मी मुद्दाम जाऊ दिली.

प्रकाशकांनी विक्री थांबवलीय. नव्या प्रतींवर तुझं नाव येईल. ह्यांनी अबोला धरलाय, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही, याचीच भीती वाटते.

शनिवारच्या गाडीने येते. किती दिवसांसाठी, ते ह्यांना सांगितलेलं नाही. तूही विचारू नकोस. नुसतं दार उघड.

तुझीच,
चिमी